हार्डडिस्क गेली म्हणे!

लॅपटॉप चालू होत नाहीये असा कुणाचाही फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, नक्की कुठपर्यंत जातो? लोकांना हा प्रश्न आवडत नाही, त्यांना वाटतं मी एखादं बटण सांगेन, ते दाबलं की झालं काम. पण लाइटच न लागणं, लाइट लागून स्क्रीन काळी राहणं, कंपनीच्या लोगोवर अडकणं आणि विंडोजचं चक्र फिरून मग निळी स्क्रीन येणं, या चार पूर्ण वेगळ्या भानगडी आहेत आणि दुकानात मात्र चारही जणांना एकच उत्तर मिळतं, फॉरमॅट मारावं लागेल.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनाही तेच मिळालं. मुलुंडमधली जुनी सोसायटी आमची, हिशोब काकाच बघतात, आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते त्यामुळे ऑगस्टमध्ये त्यांचा लॅपटॉप म्हणजे अख्ख्या बिल्डिंगची दुखरी नस. दुकानदार म्हणाला हार्डडिस्क गेली, नवीन टाकून विंडोज मारतो, डेटाची गॅरंटी नाही. काका लॅपटॉप पिशवीत घालून सरळ माझ्याकडे आले. "बघ रे जरा, बॅकअप मार्चपर्यंतचाच आहे माझ्याकडे."

चालू केला. लोगोच्या आधी काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली आणि मी वाचेपर्यंत काकांनी मागून हात घालून एफ१ दाबलं पण. "ते काही नाही रे, एफ१ दाबलं की जातं, दुकानवाल्यानेपण दाबलं." मग चक्र फिरलं, निळी स्क्रीन, खाली इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, परत रीस्टार्ट, ऑटोमॅटिक रिपेअर, आणि शेवटी रिपेअर करू शकलो नाही असं म्हणून मोकळं.

आता इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाहीये. डिस्क मेलीय असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. म्हणून परत चालू केला, काकांना म्हटलं हात मागे ठेवा, आणि ती ओळ वाचली. टाइम ऑफ डे नॉट सेट. एफ२ दाबून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशिनच्या मूळ प्रोग्राममध्ये गेलो तर तिथे डिस्क व्यवस्थित दिसत होती, मॉडेल नंबर, साइज सगळं, आणि तारीख होती १ जानेवारी, साल काका रिटायर व्हायच्याही आधीचं!

मग विचारल्यावर एकेक बाहेर आलं. मे महिन्यात बॅटरी फुगली होती म्हणून काढून टाकली, तेव्हापासून लॅपटॉप नुसत्या अडॅप्टरवर, आणि मधे पावसात लाइट गेली त्यानंतर हे सुरू झालं. जुन्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवर एक छोटा सेल असतो, रुपयाएवढा, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळ आणि बायॉसची सेटिंग तो सांभाळतो. हा सेल कधीचाच मेलेला असणार, पण मोठी बॅटरी नाहीतर अडॅप्टर लागलेला असल्यामुळे कुणाला कळलं नाही. बॅटरी काढलेली, त्यात लाइट गेली, बायॉस सगळं विसरलं आणि कंपनीच्या डिफॉल्टवर गेलं. डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती असतात, रेड (RAID) आणि एएचसीआय (AHCI). त्या डिफॉल्टमध्ये डिस्कचा मोड होता रेड, आणि काकांच्या भाच्याने पूर्वी एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) टाकताना विंडोज मारलं होतं एएचसीआय मोडवर. म्हणजे फास्टच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून स्लो लोकलची वाट बघण्यासारखं, गाडी वेळेवर येतेय, फक्त इथे येत नाहीये.

लगेच मोड बदलला असता तर कदाचित दोन मिनिटांत चालू झाला असता पण मी आधी हिशोब बाहेर काढला, कारण दुसऱ्याचा डेटा असताना मला हुशारी करायची हौस नाही. यासाठी एक झकास उपाय आहे जो फार लोकांना माहीत नसतो. त्या रिपेअरच्या निळ्या मेनूत ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. तिथे नोटपॅड टाइप करून एंटर मारायचं, नोटपॅड उघडतं, त्यात फाइल, ओपन, खाली ऑल फाइल्स निवडायचं, आणि झालं, ती ओपनची खिडकीच तुमचा फाइल एक्सप्लोरर. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, पेन ड्राइव्हवर पेस्ट. सी ड्राइव्ह तिथे कधीकधी डी नावाने दिसतो, घाबरायचं नाही. कॉपी होताना पट्टी वगैरे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, तेव्हा पेन ड्राइव्ह उपटायचा नाही, चहा करून यायचं.

मग बायॉसमध्ये एएचसीआय केलं, सेव्ह, आणि विंडोज उघडलं, वॉलपेपरवरच्या पंढरपूरच्या फोटोसकट. काकांनी आधी हिशोबाची फाइल उघडून बघितली आणि मग माझ्याकडे.

एक मात्र सांगतो, हा असला मोड बदलण्याआधी किंवा बायॉसला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, आहे का ते बघा. हल्लीच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट होते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो, मग बायॉस बदललं की ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ऑनलाइन सेव्ह असते, आज सगळं ठीक चाललंय तेव्हाच काढून कागदावर लिहून ठेवा. १९ जुलै २०२४ आठवतोय का, क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरात साधारण ८५ लाख विंडोज मशिनं निळी पडली होती, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहीत होते. तेव्हा हार्डवेअर एकाचंही बिघडलेलं नव्हतं, सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं चालू करून, एक फाइल उडवायची एवढंच काम होतं, पण ज्यांच्याकडे ही की नव्हती त्यांची त्यातच वाट लागली.

सेफ मोडवरून आठवलं, चालू होताना एफ८ बडवत बसू नका, विंडोज ८ पासून ते असंही चालत नाही. विंडोज चालू व्हायला लागलं की पॉवर बटण दाबून धरून बंद करायचं, असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की तो निळा मेनू आपोआप येतो. तिथे परत ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबलं की सेफ मोड.

काळी स्क्रीन असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, तिथे विंडोजपर्यंत गोष्ट गेलेलीच नाही किंवा गेलीय पण दिसत नाहीये. कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो का बघा, लागत असेल तर मशिन जिवंत आहे. मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा, अंधुक काही दिसलं तर बॅकलाइट गेलाय. एचडीएमआयने टीव्हीला जोडा. काहीच नाही तर चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग नुसत्या चार्जरवर चालू करा, हे वेडगळ वाटतं पण बोर्डवर साठलेला चार्ज उतरतो आणि कितीतरी मशिनं उठतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये त्या दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवरही थर बसतो, काढून साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसून परत बसवली की काम होतं. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते.

काकांसाठी सेल आणायला लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. नुसता सुटा सेल नाही चालत, दोन वायरी आणि टोकाला पिन असलेला काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला लागतो, त्यामुळे जुना काढून सोबत न्यायचा, पिन जुळवून बघायची. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं, रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद. मोठी बॅटरीपण घेऊया म्हटलं तर काका म्हणे घरातच तर वापरतो, लाइट जाते कुठे मुंबईत.

लाइट गेल्यामुळेच हे सगळं झालं हे त्यांना दोनदा समजावलंय. त्यात लॅपटॉपवर विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि प्रोसेसर इतका जुना की ११ घेत नाही. नवीन घ्यायचा विषय यंदाच्या सभेत मांडा म्हटलं सोसायटीच्या खर्चाने, तर काका म्हणाले तू मांड, मी अनुमोदन देतो.