आमची वाटचाल: जुना पडदा, नवा बोर्ड

जुन्या यंत्रांतले पडदे काढून, नवा बोर्ड जोडून ते पुन्हा वापरात आणणं हे आमचं काम. सुरुवात चिमुकल्या पडद्यांपासून झाली. जुन्या प्रिंटरमध्ये, फॅक्स मशीनमध्ये १६ अक्षरांच्या दोन ओळींचा एलसीडी सापडतो, बहुधा एचडी४४७८० किंवा तिच्याशी जुळणाऱ्या चिपचा. त्याच्या तिसऱ्या पिनला १० किलोओहमचा पॉट (फिरवून रोध कमी-जास्त करता येणारा भाग) लावून कॉन्ट्रास्ट जुळवला नाही, तर पडदा कोराच राहतो. असे कितीतरी धडधाकट एलसीडी बंद समजून फेकले जातात, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

आता मुख्य काम लॅपटॉपच्या पॅनलचं. नुसतं लॅपटॉपचं मॉडेल ऐकून कंट्रोलर बोर्ड (सुट्या पॅनलला चित्र पुरवणारा बोर्ड) देणं आम्ही केव्हाच सोडलं, कारण एकाच मॉडेलमध्ये निरनिराळी पॅनल निघतात. पॅनल बाहेर काढून मागच्या स्टिकरवरचा नंबर शेपटासकट वाचावा लागतो. एलपी१५६डब्ल्यूएच३ घ्या. पुढे टीएल असेल तर ४० पिनांचं एलव्हीडीएस, टीपी असेल तर ३० पिनांचं ईडीपी; पॅनलपर्यंत चित्र पोचवण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती. दोन्ही १५.६ इंची, दोन्ही १३६६ गुणिले ७६८, पण एकाचा बोर्ड दुसऱ्याला चालत नाही.

बोर्डावर पॅनलच्या व्होल्टेजचा जंपर (पिनांवर बसवून निवड करायची छोटी टोपी) असतो: ३.३, ५ किंवा १२ व्होल्ट. लॅपटॉपच्या पॅनलला जवळजवळ नेहमी ३.३ लागतात. जंपर चुकून १२ वर राहिला तर पॅनल गेलंच समजा. म्हणून आधी पॅनल न जोडता बोर्डला १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लावायचा, जंपरपाशी मल्टिमीटरने मोजायचं, आणि वीज बंद करूनच केबल बसवायची.

पुढचे बिघाड पडद्यावरच ओळखता येतात. रंग विस्कटले, छटांचे डाग झाले तर फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डात भरलेल्या प्रोग्रॅममध्ये, रंगांच्या ६ आणि ८ बिटांची गल्लत आहे. चित्र दुभंगलं तर सिंगल-ड्युअल चॅनलची, म्हणजे चित्राचा डेटा एका वाटेने जातो की दोन, याची. पडदा पांढराफटक असेल तर आधी केबल काढून पुन्हा बसवा. टॉर्च मारल्यावर पुसटसं चित्र दिसलं, तर बॅकलाइटची (पडद्यामागच्या दिव्याची) वायर तपासा. उभ्या रेषा मात्र काचेला चिकटवलेली फ्लेक्स (पातळ लवचिक पट्टी) सुटल्याने येतात. तसं पॅनल आम्ही विकतच नाही.

बोर्डाला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) जोडायचा असेल तर त्याला सप्लाय वेगळा द्यावा, आणि चित्र आलं नाही तर त्याच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन आपण होऊन ठरवून द्यावं.

सीसीएफएल ट्यूबची (एलईडीऐवजी बारीक नळीदिवा असलेली) जुनी पॅनल आम्ही शाळकरी मुलांना देत नाही. ट्यूबला वीज देणाऱ्या इन्व्हर्टरमधून शेकडो व्होल्ट निघतात आणि ट्यूबमध्ये पारा असतो. त्यांना एलईडीवालंच पॅनल देतो.