काचेमागची दुकानं

शनिवार, 2 ऑगस्ट
टोरोंटो

लाँग वीकेंड. निम्मं शहर कॉटेजवर गेलंय, त्यामुळे यंग स्ट्रीटवरसुद्धा आज मोकळं चालता आलं. 433 नंबर कॉलेज स्टेशनपासून अगदी जवळ आहे. तिथे पूर्वी ग्रीकांचा व्हाइट सिटी कॅफे होता. आता त्याची काही खूण नाही, आणि मी तरी काय बघायला गेले होते कोण जाणे.

1918 साली 2 ऑगस्टला शुक्रवार होता. आदल्या रात्री पहिल्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेला एक सैनिक दारू पिऊन या कॅफेत आला, त्याने वेटरवर हात टाकला आणि त्याला बाहेर काढलं गेलं. एवढंच. पण परतलेल्या सैनिकांची परिषद त्याच आठवड्यात टोरोंटोत भरली होती, शहर सैनिकांनी भरलेलं होतं आणि बातमी तोंडातोंडी फिरताना फुगत गेली. 'ग्रीकांनी आपल्या अपंग जवानाला मारलं.' शुक्रवारी संध्याकाळी हजारोंचा जमाव कॅफेसमोर उभा राहिला. तो फोडून झाल्यावर पुढचा, मग त्याच्या पुढचा. ग्रीकांची वीसेक हॉटेलं फुटली, लुटली गेली.

हे हॉटेलवाले होते तरी कोण? बरेचसे दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीजच्या डोंगराळ गावांतले. 1890 च्या दशकात बेदाण्याचा भाव कोसळला, 1893 मध्ये ग्रीसचं सरकारच दिवाळखोर झालं आणि तरुण मुलं बोटीत बसून अमेरिका-कॅनडाला निघाली. इथे येऊन लोकांच्या बुटांना पॉलिश करायचं, भांडी घासायची, फळांची गाडी लावायची. चार पैसे साठले की भावाला, चुलतभावाला बोलावून घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून एखादं छोटं हॉटेल नाहीतर मिठाईचं दुकान काढायचं. भांडवल कमी लागे, पगार घरातल्या घरात राहत, आणि सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत दुकान उघडं ठेवायला कुणाची ना नसे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते त्यांचं अन्न. तिथे ग्रीक काही मिळतच नव्हतं! स्टेक, अंडी, 'पाय' (सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ), कॉफी. जे गिऱ्हाईकाला हवं ते. नावंही तशीच, व्हाइट सिटीसारखी, गिऱ्हाईकाला उच्चारायला सोपी. म्हणजे जिभेपासून पाटीपर्यंत सगळं इथल्यासारखं करून घेतलं होतं. तरी जमावाला कुठलं दुकान ग्रीकाचं आहे हे नेमकं माहीत होतं. असणारच, रोज तिथेच तर जेवत होते.

राग कशाचा होता? ग्रीसचा राजा कॉन्स्टंटाइन जर्मन कैसरचा मेहुणा. युद्धाच्या पहिल्या वर्षांत त्याने देश तटस्थ ठेवला, म्हणून इथले ग्रीक 'जर्मनांचे हस्तक' ठरले. पण कॉन्स्टंटाइन 1917 च्या जूनमध्येच देश सोडून गेला होता. व्हेनिझेलॉस पंतप्रधान म्हणून सत्तेवर आला, ग्रीस ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूने युद्धात उतरला, आणि ऑगस्ट 1918 मध्ये ग्रीक सैनिक मॅसेडोनियाच्या आघाडीवर मित्रराष्ट्रांच्या बरोबरीने लढत होते. यंग स्ट्रीटवर काचा फुटल्या तेव्हा ग्रीस कॅनडाच्याच बाजूला होता! 'आमची पोरं खंदकात मरताहेत आणि हे इथे गल्ले भरताहेत' हे दुसरं गाऱ्हाणं. त्यातली गोम अशी की ज्यांना नागरिकत्व मिळालं नव्हतं त्यांना लष्कर घेत नव्हतं, आणि जे नागरिक झाले होते त्यांतले काही कॅनडाच्या फौजेत गेलेही होते. पण हे ऐकायला कुणाला वेळ होता?

सैनिकांबद्दल मात्र मला निव्वळ राग येत नाही. हात-पाय गमावून परत यायचं, हाताला काम नाही, सरकार तोंडाला पानं पुसतंय. सरकारवर दगड मारणं कठीण असतं. हॉटेल रस्त्यावर असतं, दर्शनी काचेचं, आत कोण आहे ते दिसतं.

राग येतो तो पोलिसांचा. पहिल्या रात्री ते जवळजवळ बघतच राहिले. महापौर टॉमी चर्च हा सैनिकांचा लाडका माणूस, पलटणींना निरोप द्यायला जातीने स्टेशनवर जाणारा. त्याने दंगलविरोधी कायदा पुकारून सैन्य बोलावलं खरं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. नंतरच्या रात्री पोलिसांनी सोटे चालवले, तेव्हा त्यात नुसते बघायला आलेलेही सापडले, आणि मग चौकशीची मागणी झाली ती पोलिसांनी आपल्याच नागरिकांना का झोडपलं याची. आणि हे बघे किती होते! जुन्या शहराच्या मानाने प्रचंड. घरी जाऊन ते काय बोलले असतील, याचा विचार मी बराच वेळ करत होते.

संध्याकाळी बाबांशी फोनवर बोलणं झालं. (म्हणजे त्यांची सकाळ, चहा घेत होते.) त्यांना हे सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "अगं, यात नवीन काय? आमच्या कॉलेजच्या वेळी उडप्यांची हॉटेलं फुटली नव्हती का?" खरंच की. 1966 मध्ये शिवसेना निघाली, मद्रासी म्हणून सगळ्या दक्षिणेला एका नावात कोंबलं गेलं, 'हटाव लुंगी'च्या घोषणा झाल्या. फेब्रुवारी 1969 मध्ये सीमाप्रश्नावरून मुंबई पेटली तेव्हाही दाक्षिणात्यांची दुकानं भरडली गेली. बाबा त्या काळात रोज एका उडप्याकडे इडली खायचे. दगड पडल्यावर काय केलंत, विचारलं तर म्हणाले, "काय करणार? काही दिवसांनी त्याने फळ्या काढल्या, आम्ही परत इडली खायला गेलो." मी विचारलं, त्याला काही बोललात का? बाबा थोडं थांबले आणि म्हणाले, "चटणी जास्त मागितली." स्वतःच हसले. मला हसू आलं नाही, पण त्यांच्यावर चिडताही येईना. मराठी माणसाला नोकऱ्या मिळत नव्हत्या हे खोटं नव्हतंच, पण त्या नोकऱ्या उडप्याच्या तव्याखाली लपवलेल्या नव्हत्या.

डॅनफर्थबद्दल, म्हणजे आजच्या ग्रीक वस्तीच्या रस्त्याबद्दल, लिहायचं राहिलं. दंगलीनंतर अडीच महिन्यांनी, ऑक्टोबर 1918 मध्ये, डॉन नदीच्या दरीवरचा मोठा पूल खुला झाला आणि पूर्वेकडचा डॅनफर्थ शहराला जोडला गेला. ग्रीक तिथे मोठ्या संख्येने आले ते मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर, पन्नास-साठच्या दशकांत. आता तिथे रस्त्यांच्या पाट्या ग्रीक लिपीतही आहेत, लोगन ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर सिकंदराचा पुतळा आहे, आणि ऑगस्टच्या जत्रेत सूव्लाकी खायला जी गर्दी लोटते तीत ग्रीक शोधावे लागतील. आपणही गेलोय की. स्टेक-अंडी विकणाऱ्यांच्या नंतर आलेल्यांना स्वतःचं जेवण स्वतःच्या नावाने विकता आलं. कुणी याला प्रगती म्हणेल. मी म्हणेन, आधीच्यांना त्यातलं काही मिळालं नाही.

आणि आपण भारतीय? 1914 मध्ये भारतीय प्रवाशांची कोमागाता मारू बोट व्हँकूव्हरच्या बंदरातून परत पाठवली होती, 376 माणसं घेऊन आली होती. ग्रीकांना निदान दार उघडं होतं. माझ्यासारख्यांना ते 1967 मध्ये शिक्षण, कौशल्य बघून गुण देऊन प्रवेश देण्याची पद्धत आली त्यानंतर उघडलं. आता पुन्हा वारं फिरलंय. घरभाडी वाढली, दवाखान्यात रांगा लागल्या, की बोट दाखवलं जातं ते कॉफीच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या पंजाबी, गुजराती, मराठी पोरांकडे. मागच्या महिन्यात माझ्यापुढच्या एका गृहस्थाने अशाच एका मुलाला चार शब्द सुनावले. मुलाने मान खाली घालून झाकण लावलं आणि कप पुढे केला.

याच दिवसांत माझी मैत्रीण मिसिसागातल्या एका प्लाझात गाळा घेतेय. चार वर्षं घरून पोळी-भाजीचे डबे दिले, आता स्वतःचं दुकान. नवऱ्याला पाटीवर इंग्रजी नाव हवंय, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही असं. तिला 'सुगरण' हवंय, तेही देवनागरीत, मोठ्या अक्षरात. मला फोन करून म्हणाली, "अगं, तू सांग ना काहीतरी, तुला इतिहास माहिती असतो." मी तिला व्हाइट सिटीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे इंग्रजी नाव ठेवूनही फोडलंच ना? मग सुगरणच ठेवते." नवरा मागून ओरडला, "काचेचा विमा आधी विचार!"

विमेवाला मंगळवारी येणार आहे, पाटीवाला बुधवारी.