ज्वारीच्या दाण्याएवढी चांदी

आमचं मूळ गाव विट्याजवळ आणि घरात तीन पिढ्यांची गलाई. त्यामुळे ग्रीसमधल्या लाव्हरिओत जुन्या पद्धतीनं चांदी गाळून पाहायचं आमच्या गटानं ठरवलं, तेव्हा भट्टी माझ्याकडे आली.

सकाळी खाणींजवळचे धुण्याचे ओटे पाहिले. उतरत्या, गुळगुळीत गिलाव्यावरून पाणी सोडायचं. कुटलेल्या दगडातले चांदीमिश्रित शिशाचे जड कण मागं राहतात, माती वाहून जाते. आपले झारेकरी सराफकट्ट्यावरची माती धुतात, तसंच. पाणी दुर्मिळ म्हणून ते पाटांतून फिरवून परत वापरायचे.

याच डोंगरात इ.स.पू. ४८३ च्या सुमारास चांदीची मोठी शीर लागली. लोकांत वाटायचा पैसा थेमिस्टोक्लिस या अथेन्सच्या पुढाऱ्यानं जहाजांकडे वळवला, आणि तीन वर्षांनी सालामिसला पर्शियन आरमार हरलं. पुढं एजियनवर अथेन्सचीच सत्ता. जहाजांचं लाकूड मॅसिडोनियातून यायचं, धान्य काळ्या समुद्राकडून. अथेन्सच्या हातात द्यायला होती ती ही चांदी.

दुपारी हाडांच्या राखेच्या मुशीत २०० ग्रॅम शिसं ठेवलं, किलोला दोन ग्रॅम चांदी मिसळलेलं. भाता चालू झाला. शिशाचं मुरदाडशिंग, म्हणजे ऑक्साइड, होऊन राखेत मुरत गेलं. वर रंगीत साय फिरत होती. ती एकदम फाटली आणि खाली लख्ख थेंब दिसला. ज्वारीच्या दाण्याएवढा. वजन भरलं ०.४ ग्रॅम.

लगेच घरी फोन लावला.

“आबा, चांदी आली.”

“किती?”

सांगितलं.

“धूर कुणी घेतला?”

मी मास्क लावला होता, तेच सांगितलं. आबांच्या हाताला दहा वर्षांपासून कंप आहे.

रात्री हिशोब मांडला. एका युद्धनौकेवर दोनशे माणसं, रोजी एक द्राख्म, म्हणजे अथेन्सचं चांदीचं नाणं. महिन्याला सहा हजार द्राख्म, म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. आमच्या प्रमाणानं तेरा टन शिसं, एका जहाजाच्या एका महिन्यासाठी. हे शिसं जमिनीतून काढायचे गुलाम, जेमतेम रांगता येईल अशा बोगद्यांत. निकियास या अथेन्सच्या सेनापतीनं असे १,००० गुलाम भाड्यानं दिले होते, माणशी रोज एक ओबोल. ओबोल म्हणजे ०.७ ग्रॅम चांदी, आणि तीही मालकाला.

माझ्या तळहातावर होतं ते एका माणसाच्या अर्ध्या दिवसाचं भाडं.