अखेर डोप पांढरा पडायचा थांबला!

मंडळी, काल दुपारी माझ्या मॉडेल विमानाचा उजवा पंख डोपचा, म्हणजे पंखावरचा टिश्यू कागद ताणून धरणाऱ्या लॅकरचा, दुसरा हात घेऊन स्वच्छ सुकला. सांगाड्याची एकूण एक रिब (आडवी पट्टी) टिश्यूतून दिसतेय. ऐन श्रावणात, मालवणात! डाव्या पंखाची रड मागच्या वेळी लिहिली होतीच. डोप लावून दहा मिनिटं होत नाहीत तोवर मुळापासून टोकापर्यंत साय धरल्यासारखा पांढरा.

कारण आपल्याला माहीत आहे. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ तिथेच दवासारखी बसते आणि दूध फाटावं तसं डोपमधलं नायट्रोसेल्युलोज फाटतं. पडवीतलं हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारं) सकाळी ९२ टक्के दाखवतं, पाऊस उघडला तर दुपारी ७४. म्हणून दुपारी १२ ते २ एवढाच वेळ धरला, तरी कडा पांढऱ्या व्हायच्याच.

तिढा सुटला शेजारच्या गणपतीच्या शाळेत. पावसात माती सुकत नाही म्हणून तिथे मूर्तींजवळ बल्ब लावून ठेवतात. मी पंख नुसता दाखवायला नेला होता. मूर्तिकार काकांनी टिश्यूवर बोट फिरवलं. “ह्यो कागद ओलो आसा. आधी सुकव, मगे रंग लाव. ओल्यार रंग धरणा नाय.” माझ्या हाताला तो कोरडाच लागत होता.

घरी येऊन आंब्याच्या दोन रिकाम्या पेट्या जोडल्या, तळाशी ४० वॉटचा बल्ब, वर जाळी. उरलेल्या रिब्जच्या तीन चौकटी केल्या, टिश्यू चढवला. पहिली फक्त पेटीत सुकवली: मधे स्वच्छ, कडा पांढऱ्या. दुसरी न सुकवता, पण थिनरमध्ये रिटार्डर (सुकणं लांबवणारा द्राव) घालून: स्वच्छ, पण तीन तास चिकट, आणि त्यावर दोन चिलटं कायमची मुक्कामाला. तिसरीला दोन्ही उपाय केले. तीच जिंकली. प्रमाण असं: निम्मा डोप, निम्मा थिनर, थिनरमध्ये १५ टक्के रिटार्डर, ५० मिलीला एरंडेलाचे ८-१० थेंब. एरंडेल वगळू नका, नाहीतर डोप महिनोन्‌महिने आवळत राहतो आणि पंख पिळवटतो.

एक मात्र नक्की पाळा: डोपची बाटली पेटीजवळ नको. बल्ब बंद, पंख बाहेर, मगच पडवीत ब्रश. थिनरची वाफ पेट घेते.

डाव्या पंखावर रिटार्डरवाला थिनर हलक्या ब्रशने फिरवला आणि साय डोळ्यांदेखत विरघळली! तो क्षण मी विसरणार नाही. नुसत्या सांगाड्याचं वजन १३ ग्रॅम होतं, टिश्यूनंतर दोन्ही पंख मिळून १५.८, आता १८.४. रबराच्या पिळावर उडणाऱ्या ३६ इंची मॉडेलला हे मला आवडलं. दोन्ही पंख बोर्डवर पिना मारून ठेवलेत, टोकाला ट्रेलिंग एजखाली (मागच्या कडेखाली) ३ मिमीची पट्टी, वॉशआउटसाठी, म्हणजे टोकाची मागची कड जरा वर उचललेली राहावी म्हणून.

टिश्यू ज्यांच्याकडून मागवला त्यांनी घडी घालून पाठवला. त्या घड्या पाणी मारूनही पूर्ण गेल्या नाहीत. गुंडाळी करून पाठवणाराच शोधा. रिटार्डर मात्र सुतारांना पॉलिश विकणाऱ्या कुडाळच्या दुकानात सहज मिळाला.

टोकांना लाल रंग फवारायचा बेत होता. पण हे लिहिताना वाटतंय, रंगाचं वजन कशाला? लाल टिश्यूच्याच पट्ट्या कापून डोपने चिकटवतो. शेपटीला एकच हात, एरंडेल थोडं जास्त. ती १/१६ इंची काड्यांची आहे, लगेच वाकेल. उद्या दुपारी हायग्रोमीटर ७५च्या खाली आलं तर फ्युजलाज (विमानाचं धड) घेतो.