सोबत एमपीएससी पण चालूय

बाबा काल फोनवर म्हणाले, "हो हो, टीवायला आहे, हिस्ट्री घेतलंय… नाही नाही, सोबत एमपीएससी पण चालूय." मी समोरच मटार सोलत बसले होते. एमपीएससीचा साधा फॉर्म भरलेला नाहीये मी, आणि हे बाबांना पक्कं माहितीये. पलीकडे नाशिकचे काका, त्यामुळे तर अजूनच… जाऊ दे.

राग नाही आला. पण इतिहास एकटा पुरला नाही हे काही डोक्यातून जाईना. दादाचे इंजिनिअरिंगला चार विषय राहिले होते तरी फोनवर "इंजिनिअरिंगला आहे" एवढ्यावर भागायचं, समोरचा वा वा म्हणायचा. माझ्या वेळी मात्र जोडीला काहीतरी लावावं लागतं. बरं, ज्यांना कळतं तेही काय विचारतात, तर "सनावळ्या पाठ असतील ना सगळ्या?" अहो आम्हाला सनावळ्या कोण विचारतंय, आमचे सर पहिल्या तासापासून एकच विचारतात, बखर म्हणते ते ठीक, त्या काळातलं पत्र काय म्हणतं?

वैतागून रात्री एका जुन्या मोडी लिपीतल्या पत्राची झेरॉक्स काढली. शब्द सगळे एकमेकांना चिकटलेले, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, एका ओळीवर पाऊण तास गेला. साल मात्र लागलं, "इसन्ने सितैन मया व अलफ". दोन, साठ, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन (पेशवाईतल्या कागदांत असायची ती कालगणना) ११६२. इसवी सन काढायला त्यात मृग नक्षत्रापासून, म्हणजे वर्ष सुरू होतं तिथून, डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरचं असेल तर ६००, म्हणजे १७६१-६२. पानिपत होऊन वर्षही सरलं नसेल कदाचित, नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ ला गेलेले, आणि हा पत्र लिहिणारा लिहितोय काय तर घोड्यांना कडबा मिळत नाही! अख्ख्या पत्रात लढाईचं अवाक्षर नाही. मी एकटीच हसत बसले, आईने दारातून बघितलं आणि काही न बोलता गेली.

आणि त्या कडब्यावर यायच्या आधी त्याने अर्धा कागद "विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे, विशेष" वगैरेत घालवलाय. कडब्यावाचून घोडी उपाशी, पण येथील कुशल. लिहिणाऱ्यालाही माहिती, वाचणाऱ्यालाही माहिती, मायना घातल्याशिवाय मुद्द्यावर यायचं नसतं बस. मग वाटलं, बाबांचं एमपीएससी तरी वेगळं काय आहे. काकांसाठी घातलेला मायना. फक्त बाबा त्या "विशेष"च्या पुढे कधी जात नाहीत, फोन ठेवून देतात, हा भाग राहतोच. आणि खरं सांगायचं तर पुढे लिहायला मी तरी त्यांना काय दिलंय, एमए करणार की नाही हे मलाच… असो, तो विषय आज नको.

सकाळी चहाला बाबांना म्हटलं, काकांना सांगून टाका प्रिलिम निघाली म्हणून. ते गडबडले, मग पेपरामागून म्हणाले, "मेन्सचं बघू पुढे."

बाकी कडब्याचं काय झालं ते कळायला मार्ग नाही, झेरॉक्सला दुसरं पानच नाहीये. सोमवारी सरांना गाठायला पाहिजे, ते चारच्या आत निघून जातात.