स्ट्रॉबेरीचा वाफा यंदा दुसरीकडे

परतीचा पाऊस एकदाचा आटोपला आणि बागेला हात लावता आला. वर पाचगणी-महाबळेश्वरला लागवडी केव्हाच उरकल्या. आमची वाई घाटाखाली, इथलं ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या रोपाला सोसत नाही, म्हणून मी दसऱ्याच्या पुढेच लावतो.

आधी जुनी झाडं काढली. पानं हिरवीगार होती, घरच्यांना वाटलं चांगली झाडं कशाला उपटतोय. एक झाड धुऊन मधोमध उभं चिरून दाखवलं: क्राऊन (मुळांवरचा जाड बुंधा, पानं फुटतात तो) आतून तपकिरी-लालसर, मुळं काळी पडलेली, पांढरं मूळ औषधालाही नाही. असल्या झाडाला फळ लागतं, पण बोराएवढं. आपल्या पावसाळ्यातून तगलेलं झाड दुसऱ्या हंगामाला ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेतकरीही दरवर्षी नवीन रोपंच लावतात. परदेशातून मदर रोपं, म्हणजे आईझाडं आणायची, पावसाळाभर त्यांचे रनर (जमिनीवर पसरणारे, नवीन रोप धरणारे देठ) वाढवायचे आणि तीच रोपं वाफ्यावर न्यायची.

घरी मी हेच छोट्या प्रमाणावर करतो. जूनमध्ये विंटर डॉन जातीची थोडी निरोगी झाडं पत्र्याच्या आडोशाला नेऊन ठेवली होती. त्यांचे रनर कोकोपीट-गांडूळखत भरलेल्या पिशव्यांवर टेकवून तारेच्या आकड्यांनी दाबले. रनरवरचं पहिलं आणि दुसरं रोप घ्यायचं, पुढची शेपटी खुडून टाकायची. टोकाची रोपं बारीक राहतात. पिशवी हलवली तरी रोप हलत नाही, म्हणजे मूळ धरलं.

कापताना आईझाडाकडचा बोटभर देठ रोपाला ठेवला. लावताना त्याचा उपयोग होतो: फुलांचे घोस बहुतेक या देठाच्या उलट्या बाजूला येतात. देठ वाफ्याच्या मध्याकडे केला की फळं कडेला लोंबतात, हवा खेळते, तोडायलाही सोपं. ज्यांनी करून पाहिलं नसेल त्यांनी यंदा पाहाच.

जागा बदलली. मागच्या जागी मुळकूज येतेच, आणि वांगी-मिरची-टोमॅटो होते तिथेही नको, मर रोग त्यांचा आणि स्ट्रॉबेरीचा सामाईक. पेरूपलीकडच्या पट्ट्यात जुलैत ताग पेरला होता, फुलावर येताच गाडला. आता त्यात कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळून फूटभर उंच गादीवाफा केला. ताजं शेण घालायचं नाही, हुमणीला आमंत्रण.

अंतर ३० सेंटिमीटर, नागमोडी. लागवड ऊन उतरल्यावर. क्राऊनचा मधला कोंब मातीच्या बरोबरीने हवा. गाडला तर कुजतो, उघडा राहिला तर वाळतो. पाणी दिल्यावर माती बसते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रत्येक रोप बघून दोन रोपांची माती बोटाने बाजूला केली. वर हिरवी शेडनेट आहे, नवीन पान उलगडलं की काढणार. मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) मला घरच्या बागेत नको वाटतो. गेल्या वर्षीचा भाताचा पेंढा आहे, तो रोपं सावरल्यावर अंथरीन. आत्ता अंथरला तर गोगलगायींची सोय होईल, त्या अजून गेलेल्या नाहीत.

दोन रोपांना आत्ताच कळ्या आल्या. खुडल्या.

बाकी बाग: गुलाबांची छाटणी झाली, कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावली. जुन्या वाफ्याच्या जागी मेथी आणि कडेने लसूण टोचला. झेंडू दसऱ्याला संपलाच, झाडं उपटून कंपोस्टच्या खड्ड्यात. शेवंतीला आधाराच्या काठ्या द्यायच्या राहिल्यात.

नोव्हेंबरअखेर पहिली फुलं ठेवायला लागेन. त्याआधी बुलबुलांसाठी जाळी आणायची आहे. बारीक भोकाची नको, मधमाश्या आत आल्या नाहीत तर फळं वेडीवाकडी होतात. कोणी एक इंची जाळी वापरली असेल तर बुलबुल अडतो का ते सांगा.