तुम्ही विचारलंत म्हणून: प्रथिन खरोखर असेच मिटते का?

पुण्यात पाषाणला विद्यार्थ्यांपुढे प्रथिनांची हलती चित्रे दाखवून दिवे लावले, की पहिल्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो: "सर, हे सूक्ष्मदर्शकातून टिपलंत का?" नाही. त्या चित्रफितीतली पहिली आणि शेवटची फ्रेम तेवढी प्रयोगातून आलेली असते. मधल्या साऱ्या फ्रेम्स किमेराएक्स या सॉफ्टवेअरने हिशेब करून भरलेल्या असतात.

माझे नेहमीचे उदाहरण ई. कोलाय जीवाणूतल्या अ‍ॅडेनिलेट कायनेजचे. एटीपी आणि एएमपी या पेशीतल्या ऊर्जेच्या देवघेवीतल्या रेणूंपासून त्यांच्याच जातीच्या एडीपीचे दोन रेणू घडवणारे हे 214 अमिनो आम्लांचे एन्झाइम प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहात, 4एकेई या क्रमांकाखाली उघडे सापडते, तर 1एकेई या क्रमांकाखाली एक निरोधक, म्हणजे त्याचे काम रोखणारा, रेणू पोटात धरून मिटलेले. दोन्ही रचना स्फटिकांवर क्ष-किरण टाकून ठरवलेल्या आहेत, म्हणजे हालचाल दोन्हींत नाही.

त्या एकमेकींवर बसवताना मी पूर्वी संपूर्ण रेणू जुळवत असे. मग सगळेच डोलू लागे आणि वरून मिटणारा भाग, म्हणजे झाकण, कोणते आणि बूड कोणते, हेच कळेनासे होई. आता फक्त मधला, फारसा न हलणारा गाभा जुळवतो. झाकण आपोआप झाकणासारखे वागू लागते.

पुढचा प्रश्न वाटेचा. प्रत्येक अणू सरळ रेषेत सरकवणे सर्वांत सोपे, पण ते फसवे आहे. शंभर सेंटिमीटर रुंदीचे दार 90 अंशांत उघडताना त्याची कड सरळ रेषेत नेली, तर अर्ध्या वाटेवर ते दार सुमारे 71 सेंटिमीटरचेच उरेल. प्रथिनाचे झाकणही मधल्या फ्रेममध्ये असेच आक्रसते आणि अणूंमधले बंध नको तितके आखूड होतात. किमेराएक्स म्हणूनच, वेगळे काही सांगितले नाही तर, रेणूचे तुकडे स्क्रूसारखे, फिरवत आणि सरकवत नेते. दार मग दाराएवढेच राहते, पण खरे झाकण त्याच वाटेने जाते, याचा तो पुरावा मात्र नव्हे.

वेळेचेही तेच. पडद्यावर आरामात मिटणाऱ्या या झाकणाला प्रत्यक्षात फार तर सेकंदाचा काही हजारावा भाग लागतो, आणि तेवढ्यातही ते पाण्याच्या रेणूंचे धक्के खात थरथरत असते. ती थरथर मॉर्फमध्ये, म्हणजे मधल्या फ्रेम्स अशा भरून केलेल्या चित्रफितीत, अजिबात नसते. ती हवी असेल तर रेणवीय गतिकीचे, म्हणजे प्रत्येक अणूची हालचाल क्षणाक्षणाला हिशेबाने काढणारे, सिम्युलेशन चालवावे लागते, आणि ते काम संगणकाला बराच काळ जुंपते.

अलीकडे मी मधल्या प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यात 'अंदाजित' असा शब्द छापतो. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमवर तो नसतो.